काढलेल्याचा हिशेब

एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असते. तिचा सी भाषेतला सोर्स कोड सुमारे दीड लाख ओळींचा आहे. त्यात ट्रिगर, व्ह्यू, व्हर्च्युअल टेबल, बाहेरचे एक्स्टेन्शन लोड करण्याची सोय, तारखांची गणिते असे कितीतरी काही भरलेले आहे. वीज मोजणाऱ्या मीटरमध्ये अशी लायब्ररी बसवायची म्हटले, तर त्याला यातले फार थोडे लागते: ठरावीक वेळाने एक नोंद टेबलात टाकायची आणि कोणी मागितली की काढून द्यायची. बाकीचा कोड एकदाही न चालता मीटरच्या मेमरीत जागा अडवून बसतो. म्हणून एसक्यूलाइटच्या कर्त्यांनी बिल्ड करतानाच नको तो भाग गाळण्यासाठी पर्याय ठेवले आहेत. ‘ओमिट’ या शब्दाने ओळखले जाणारे असे डझनावारी पर्याय आहेत. एक दिला की ट्रिगर जातात, दुसरा दिला की व्ह्यू जातात. अशीच सोय ओपनएसएसएलमध्ये आहे, एमबेड टीएलएसमध्ये आहे, जगभरच्या भाषांचा डेटा सांभाळणाऱ्या आयसीयूमध्ये आहे. लिनक्स कर्नलमध्ये तर अशा निवडींची संख्या केव्हाच दहा हजारांच्या पुढे गेली. ही पुस्तिका या पर्यायांबद्दल आहे.

या विषयावरचे बहुतेक लिखाण आकड्यांपाशी सुरू होते आणि आकड्यांपाशीच थांबते. आधी बायनरी इतक्या किलोबाइटची होती, हे चार फ्लॅग लावले, आता इतकी उरली. हे आकडे लागतातच, आणि पुढच्या प्रकरणांत ते येतील. पण माझे मुख्य म्हणणे आकड्यांविषयी नाही. लायब्ररीतून एखादी गोष्ट काढणे हा डिझाइनचा निर्णय आहे, आणि तो त्याच गांभीर्याने घ्यायला हवा. लायब्ररी काय करते हे आपण नीट लिहून ठेवतो. ती काय करायची थांबली, कोणाच्या सांगण्यावरून आणि कशासाठी, हे मात्र बिल्ड स्क्रिप्टच्या एखाद्या ओळीत पडून राहते. ती ओळ लिहिणारा माणूस दुसऱ्या टीममध्ये गेला की कारणही त्याच्याबरोबर जाते. शिवाय काढून टाकलेली सोय पुढे कोणी मागितली, तर लायब्ररीने ‘नाही’ असे स्पष्ट सांगितले पाहिजे. जी छाटणी विचारल्यावरही गप्प बसते आणि काहीतरी भलतेच उत्तर पुढे करते, तिच्यापेक्षा न छाटलेली मोठी लायब्ररी बरी. हे म्हणणे पटवून द्यायचे तर आधी छाटणी नेमकी होते कशी, हे पाहायला हवे.

हे काम माणसाने करायचेच कशाला, असा पहिला आक्षेप असतो, आणि तो रास्त आहे. कंपाइलर आणि लिंकर आता पुष्कळ हुशार झाले आहेत. प्रत्येक फंक्शन वेगळ्या सेक्शनमध्ये टाकायला कंपाइलरला सांगता येते. मग लिंकर प्रोग्रॅमच्या सुरुवातीपासून निघतो, कोण कोणाला कॉल करते त्या वाटेने फिरतो, आणि जिथे वाट पोहोचत नाही ते सेक्शन टाकून देतो. लिंकिंगच्या वेळी सगळा कोड एकत्र पाहून ऑप्टिमाइझ करण्याचीही सोय आहे. हे सगळे करावेच, कारण त्यासाठी फारसा विचार लागत नाही आणि सहसा काही बिघडत नाही. पण या वाटेची मर्यादा एसक्यूलाइटच्याच उदाहरणात दिसते. त्या लायब्ररीला काय करायचे हे एसक्यूएलच्या मजकुरातून कळते, आणि तो मजकूर प्रोग्रॅम चालू असताना येतो. ‘क्रिएट ट्रिगर’ असे शब्द पार्सरपुढे कधीतरी येऊ शकतात, म्हणून पार्सरच्या तक्त्यातून ट्रिगरच्या कोडकडे वाट जाते. लिंकर ती वाट पाहतो आणि ट्रिगरचा सगळा कोड ठेवतो. आपल्या मीटरमध्ये ट्रिगरचे एकही वाक्य कधी येणार नाही, हे त्याला कसे कळावे? टीएलएसच्या लायब्ररीतही हेच घडते. कोणती सायफर वापरायची हे दोन टोकांच्या बोलणीत ठरते, त्यामुळे सायफरच्या यादीतली प्रत्येक नोंद लिंकरला जिवंतच वाटते. भाषांच्या डेटाचे तर आणखी अवघड आहे. मराठीसाठी ‘एमआर’ ही दोन अक्षरे स्ट्रिंग म्हणून येतात आणि त्यावरून डेटा फाइलमधला एक भाग उघडला जातो; लिंकरच्या दृष्टीने ती फाइल म्हणजे बाइटचा एक अखंड गठ्ठा. प्रोग्रॅम कुठे चालणार, कोण वापरणार, त्याला काय लागेल ही माहिती कोडमध्ये लिहिलेली नसते. ती उत्पादन बनवणाऱ्या माणसांना असते, आणि बिल्डचे पर्याय ही ती माहिती लायब्ररीपर्यंत पोहोचवण्याची जागा आहे.

दुसरा आक्षेप नेहमीचा: मेमरी आता स्वस्त आहे, इतका आटापिटा कशासाठी? १९९० च्या दशकात ब्रूस पेरेन्स यांनी बिझीबॉक्स लिहिले, तेव्हा डेबियन इन्स्टॉल करण्यापुरती सगळी साधने एका फ्लॉपीवर, म्हणजे १.४४ एमबीत, बसवायची होती. तेव्हाची अडचण उघड होती. आज लॅपटॉपवर काम करणाऱ्याला तेवढी जागा खिजगणतीतही नसते. पण सगळे संगणक लॅपटॉप नसतात. एसटीएम३२एफ१०३ कुटुंबातली एक चिप इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टपासून कारखान्यातल्या यंत्रांपर्यंत सगळीकडे भेटते. तिच्यात ६४ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅम असते. अशा चिपवर टीएलएस चालवायचे तर छाटणीवाचून गत्यंतर नाही. ब्राउझरमध्ये वेबअसेम्ब्ली म्हणून उतरणारी लायब्ररी वापरणाऱ्याच्या डेटा पॅकमधून येते. शेतातल्या पंपाच्या कंट्रोलरला मोबाइल नेटवर्कवरून फर्मवेअरचा अपडेट पाठवायचा असेल, तर बायनरी जितकी लहान तितका तो मध्येच तुटण्याचा धोका कमी. तरीही मी हे कबूल करतो की केवळ आकारासाठी म्हणून पाहिले तर फायदा पुष्कळदा लहान असतो. एसक्यूलाइटच्या कर्त्यांनी सर्वांना सुचवलेल्या पर्यायांची एक यादी दिली आहे. ते सगळे वापरले तर लायब्ररी सुमारे ३ टक्के लहान होते आणि सीपीयूचे काम सुमारे ५ टक्के कमी होते, असे त्यांनीच नोंदवले आहे. कोट्यवधी उपकरणांच्या हिशेबात ५ टक्के मोठे आहेत. एका लॅपटॉपवरच्या एका अॅपसाठी मात्र कोणी त्यासाठी बिल्डला हात लावणार नाही, आणि लावूही नये.

छाटणीचे याहून भक्कम कारण एप्रिल २०१४ मध्ये सगळ्या जगाला दिसले. ओपनएसएसएलमध्ये हार्टबीट नावाची एक जोड होती. जोडणी जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी एका टोकाने थोडा मजकूर आणि त्याची लांबी पाठवायची, दुसऱ्याने तोच मजकूर परत करायचा. कोडमध्ये पाठवलेली लांबी आणि प्रत्यक्ष आलेला मजकूर यांचा ताळा पाहिलेलाच नव्हता. एका अक्षराचा मजकूर पाठवून ‘हा ६४ केबीचा आहे’ असे सांगितले, की सर्व्हर आपल्या मेमरीतला शेजारचा ६४ केबीपर्यंतचा भाग बिनदिक्कत पाठवून देत असे, आणि त्यात पासवर्ड असू शकत, खासगी किल्ल्याही असू शकत. हाच हार्टब्लीड. १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांत हा दोष दोन वर्षे होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, हार्टबीटची खरी गरज होती ती यूडीपीवर चालणाऱ्या डीटीएलएसला; साध्या वेब सर्व्हरला तिचा जवळजवळ काहीच उपयोग नव्हता. तरी ती सगळ्यांच्या बिल्डमध्ये डिफॉल्टने चालू होती. दोन, ती बंद करण्याचा बिल्ड पर्याय आधीपासून होता. ज्यांनी हार्टबीट वगळून ओपनएसएसएल बांधले होते त्यांना या दोषाची झळ लागली नाही, आणि ज्यांना ताबडतोब नवी आवृत्ती घेणे शक्य नव्हते त्यांना प्रकल्पाच्या अधिकृत सूचनेतच तो पर्याय देऊन पुन्हा कंपाइल करायला सांगितले होते. न लागणारा कोड नुसता पडून आहे, त्याचे काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांसाठी याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. नेटवर्कवरून पोहोचता येणारा कोड पडून नसतो. आपण त्याला बोलावले नाही तरी दुसरा कोणीतरी बोलावू शकतो.

पण हाच युक्तिवाद अर्धवट धरला तर घात होतो, आणि त्याचा पुरावाही ओपनएसएसएलच्याच इतिहासात आहे. २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेजमध्ये रँडम आकडे तयार करणाऱ्या भागातल्या दोन ओळी हाताने बंद करण्यात आल्या. मेमरी तपासणारी साधने त्या ओळींबद्दल तक्रार करत होती: भरलेली नसलेली मेमरी वाचली जाते आहे. त्या दोन्ही ओळी दिसायला सारख्या होत्या. त्यांतली एक खरोखरच निरुपद्रवी होती. दुसरी मात्र बाहेरून आलेला सगळा यादृच्छिक मजकूर आत मिसळत होती, आणि ती गेल्यावर मिसळायला उरला तो जवळजवळ केवळ प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर एका लांबीच्या किल्ल्या जास्तीत जास्त ३२,७६८ निघू शकत होत्या. कोणीही बसून त्या सगळ्या आधीच तयार करून ठेवाव्यात इतक्या थोड्या. हे मे २००८ मध्ये उघडकीला आले आणि जगभरच्या सर्व्हरवरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब सहसा सांगितली जात नाही. ती तक्रार थांबवण्यासाठी ओपनएसएसएलच्या कोडमध्येच ‘प्युरिफाय’ नावाचा एक पर्याय होता, आणि तो फक्त निरुपद्रवी ओळच वगळत होता. कोड लिहिणाऱ्यांना कुठली ओळ काढता येते आणि कुठली नाही हे ठाऊक होते, आणि ते ज्ञान त्यांनी पर्यायाच्या रूपाने लिहून ठेवले होते. हाताने केलेल्या कापणीत ते ज्ञान वगळले गेले. म्हणून या पुस्तिकेत जिथे जिथे छाटणीचा सल्ला आहे तिथे तो लायब्ररीने दिलेल्या पर्यायांतून करण्याचा आहे. सोर्समध्ये शिरून कोड कापायचा नाही. पर्याय नसेल तर तो मूळ प्रकल्पाकडे मागायचा.

आता मी त्या उदाहरणाकडे येतो ज्यामुळे हा विषय मराठीत लिहिला जाणे मला अगत्याचे वाटते. आयसीयू ही युनिकोडशी निगडित लायब्ररी आहे. तारखा, आकडे, चलन, अक्षरांचा क्रम, शब्द कुठे तुटतो, हे सगळे भाषेगणिक ठरवण्याचे काम ती करते. तिच्या कोडपेक्षा तिचा डेटा मोठा: पूर्ण घेतला तर २५ ते ३० एमबीच्या घरात. साहजिकच आकार कमी करायला बसलेल्या प्रत्येकाची नजर आधी याच डेटावर पडते. नोडजेएसचे उदाहरण घ्या. १३ वी आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली. तोपर्यंत नोडच्या अधिकृत बिल्डमध्ये ‘स्मॉल आयसीयू’ असे आणि त्यात भाषांचा डेटा होता तो केवळ इंग्रजीचा. अशा बिल्डवर ५ ऑगस्ट २०१९ ही तारीख मराठी लोकेल देऊन छापायला सांगितली तर काय होई? पूर्ण डेटा असेल तर देवनागरी आकड्यांत ५/८/२०१९ येते. स्मॉल आयसीयूवर अमेरिकी पद्धतीने महिना आधी येतो, म्हणजे आठ, पाच, २०१९, आणि तोही इंग्रजी आकड्यांत. मराठी वाचणारा माणूस ते ८ मे असेच वाचणार. पावतीवरची मुदत, दवाखान्याची पुढची तारीख, परीक्षेचा दिवस, काहीही असू शकते. एक लाख तेवीस हजार चारशे छप्पन्न हा आकडा मराठीत १,२३,४५६ असा लिहिला जातो. डेटा नसेल तर स्वल्पविराम तीन-तीन अंकांनंतर पडतो आणि लाखाचे स्थान नाहीसे होते. यादी अकारविल्हे लावायची असेल तर मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर आणि क्ष, ज्ञ सर्वांत शेवटी येतात. हा क्रम मराठीच्या डेटात लिहिलेला आहे. तो काढला तर ळ जाऊन ल च्या शेजारी बसतो आणि क्ष हा क च्या शब्दांत मिसळतो.

यातले काहीही घडताना चूक म्हणून काही दिसत नाही, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. जावास्क्रिप्टमध्ये मराठी मागितले आणि ते नसेल, तर एक्सेप्शन येत नाही. डिफॉल्ट लोकेलमधले उत्तर येते. आयसीयूच्या सी भाषेतल्या फंक्शनांतून डेटा उघडताना ‘डिफॉल्ट वापरला’ अशा अर्थाचा इशारा स्टेटसमध्ये मिळतो खरा, पण आयसीयूत इशाऱ्यांचे आकडे ऋण असतात आणि यश तपासणारा मॅक्रो शून्य किंवा त्याखालच्या प्रत्येक आकड्याला यशच मानतो. म्हणजे चूक तपासण्याची नेहमीची, शिस्तीत लिहिलेली ओळदेखील इथे सर्व काही ठीक आहे असेच सांगते. ही रचना मुळात चुकीची नाही. एखाद्या भाषेचा डेटा जगात तयारच झालेला नसेल, तर प्रोग्रॅम कोसळण्यापेक्षा जवळचे काहीतरी दाखवणे बरे, हा विचार समजण्यासारखा आहे. पण डेटा तयार असताना बिल्डमध्ये तो कोणीतरी काढून टाकला, ही परिस्थिती वेगळी. एसक्यूलाइटमधून नीट पद्धतीने ट्रिगर काढले आणि मग कोणी ‘क्रिएट ट्रिगर’ लिहिले, तर लगेच सिंटॅक्स एरर येते. ज्याने लिहिले त्याला त्याच क्षणी कळते. आयसीयूमधून मराठी काढली तर ते कळते शेवटच्या वापरणाऱ्याला, तेही कळलेच तर. बिल्ड करणारा आणि टेस्ट करणारा दोघेही इंग्रजीत काम करत असतील, तर त्यांच्या पडद्यावर सगळे व्यवस्थितच असते. ज्या भाषांचे वापरणारे टेस्टिंगच्या खोलीत नसतात त्या भाषा अशा छाटणीत पहिल्यांदा जातात, आणि त्यांची तक्रार सर्वांत उशिरा पोहोचते.

यावर उपाय म्हणून भाषांच्या डेटाला हातच लावू नका, असे मी म्हणणार नाही. आयसीयूच्या ६४ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, डेटा छाटण्यासाठी नवी बिल्ड व्यवस्था आली. एका जेसन फाइलमध्ये कोणत्या भाषा ठेवायच्या आणि कोणत्या प्रकारचा डेटा गाळायचा हे लिहायचे, बस्स. महाराष्ट्रातल्या सहकारी बँकेच्या छोट्या उपकरणासाठी बिल्ड करायचे असेल, तर शब्द तोडण्यासाठी लागणारे चिनी, जपानी, थाई, ख्मेर, बर्मी यांचे शब्दकोश काढता येतात. त्या लिपींत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत म्हणून ते लागतात. मराठीला लागत नाहीत. आणि ते शब्दकोश चांगले जाडजूड असतात. मराठी, हिंदी, इंग्रजी ठेवून बाकीच्या भाषांची महिन्यांची, देशांची, चलनांची नावे काढता येतात. म्हणजे मराठी ठेवूनही डेटा पुष्कळ उतरतो. इंग्रजीखेरीज सगळे काढणे हा लहान होण्याचा एकमेव मार्ग कधीच नव्हता. मात्र इथेही एक ठेच बसू शकते. जुन्या सांकेतिक पद्धतींची रूपांतरे बंद करणारा एक पर्याय आयसीयूच्या कोडमध्ये आहे. आता सगळे युनिकोडच आहे, मग ती हवीत कशाला, असे वाटून तो सहज चालू केला जातो. त्या पर्यायाबरोबर इस्कीचे रूपांतरही जाते. १९९१ च्या भारतीय मानकातली ही पद्धत सी-डॅकच्या जिस्ट सॉफ्टवेअरमध्ये वापरली जात होती, आणि त्या काळातल्या मराठी फायली ज्याला वाचायच्या आहेत त्याच्यासाठी ती अजून जिवंत आहे. सुदैवाने तिथे लायब्ररी गप्प बसत नाही, कन्व्हर्टर उघडतच नाही आणि चूक परत येते. पण कोणता पर्याय नेमके काय काय घेऊन जातो हे आधी वाचल्याशिवाय तो लावू नये.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि तो लायब्ररी लिहिणाऱ्यांकडूनच येतो. प्रत्येक पर्याय चालू किंवा बंद असू शकतो, म्हणजे वीस पर्यायांची १०,४८,५७६ वेगवेगळी बिल्ड होतात आणि चाळीस पर्यायांची सुमारे १.१ लाख कोटी. यांतली किती कोण तपासणार? एसक्यूलाइटची टेस्टिंगबद्दलची शिस्त सॉफ्टवेअरच्या जगात वाखाणली जाते, आणि तरीही तिचे कर्ते स्पष्ट लिहितात की ‘ओमिट’ पर्यायांच्या सगळ्या जुळण्यांची हमी ते देत नाहीत. एक बारकावा तर अनेकांना गोत्यात आणतो. एसक्यूलाइट बहुतेक लोक एकाच मोठ्या सी फाइलच्या रूपात घेतात, पण अनेक ‘ओमिट’ पर्याय त्या तयार फाइलवर लावले तर नीट चालत नाहीत. ट्रिगर काढायचे तर व्याकरणातूनही त्याची वाक्ये जायला हवीत, म्हणजे पार्सर नव्याने तयार व्हायला हवा, आणि ते मूळ सोर्सपासून बिल्ड केले तरच होते. वरवर दिलेला फ्लॅग कोड काढतो, व्याकरण तसेच ठेवतो, आणि पुढे काय होईल ते सांगता येत नाही. हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही. मी त्यातून वेगळा निष्कर्ष काढतो. सगळ्या जुळण्या तपासणे लायब्ररीच्या कर्त्यांना शक्य नाही, म्हणून आपण जी एक जुळणी उपकरणात घालणार आहोत ती तपासण्याची जबाबदारी आपल्यावर येते. लायब्ररीचा टेस्ट संच छाटलेल्या बिल्डवर चालवायचा. जे टेस्ट गळतील त्यांतला प्रत्येक आपण काढलेल्या सोयीचाच आहे का ते बघायचे. एकही टेस्ट भलत्या कारणाने पडला तर पर्याय मागे घ्यायचा. आणि पर्यायांचे स्वतंत्र प्रयोग करत बसण्यापेक्षा दोन-तीन ठरलेल्या जुळण्या कायम ठेवायच्या.

याला जोडून एक धोका पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल, पण त्याचा उल्लेख इथेच करतो, कारण तो दिसत नाही आणि अनेक दिवस छळतो. सी भाषेतल्या लायब्ररीत एखादा पर्याय बंद केला की काही वेळा एखाद्या स्ट्रक्चरमधले फील्डही जाते. लायब्ररी एका कॉन्फिगरेशनने कंपाइल झाली आणि तिला वापरणारा प्रोग्रॅम दुसऱ्या कॉन्फिगरेशनच्या हेडरने, तर दोघांच्या मनात त्या स्ट्रक्चरची लांबी वेगळी असते. कंपाइलर काही बोलत नाही, लिंकरही नाही. एक बाजू चौथ्या जागेवर लिहिते, दुसरी पाचव्या जागेवर वाचते, आणि क्रॅश होतो तो तिसऱ्याच ठिकाणी. यावर इलाज एकच: कॉन्फिगरेशनची फाइल एक असावी, ती व्हर्जन कंट्रोलमध्ये असावी, आणि लायब्ररी व प्रोग्रॅम दोघांनीही तीच वाचावी. तयार झालेल्या बायनरीलाही विचारता आले पाहिजे की तुझ्यात काय आहे. एसक्यूलाइटमध्ये त्यासाठी ‘कंपाइल ऑप्शन्स’ नावाचा प्रॅग्मा आहे. चालू डेटाबेसला विचारले की बिल्डच्या वेळी दिलेल्या पर्यायांची यादी तो देतो. जावास्क्रिप्टमध्ये मराठी आहे का हे ‘सपोर्टेड लोकेल्स ऑफ’ या फंक्शनला विचारता येते. नसेल तर रिकामी यादी येते. ही एक ओळ बिल्डच्या टेस्टमध्ये टाकली तर वर सांगितलेला तारखेचा घोळ कारखान्यातच पकडला जातो.

शेवटचा आक्षेप कोड वाचणाऱ्यांचा आहे. पर्याय जितके जास्त तितके कोडमध्ये ‘इफडेफ’चे जंगल वाढते, एकाच फंक्शनच्या पोटात चार अटी घुसल्या की ते काय करते हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि दोष तिथेच दडतात. त्यापेक्षा लायब्ररीचे लहान लहान भाग करा, ज्याला जे हवे ते तो घेईल. जिथे नव्याने लायब्ररी लिहिली जाते तिथे मला हे पूर्ण मान्य आहे. पण जुन्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररी पुन्हा लिहिल्या जात नाहीत, आणि पार्सरसारखी केंद्रातली गोष्ट भागांत मोडत नाही. तिथे लिनक्स कर्नलची शिस्त उपयोगी पडते: सी फाइलमध्ये शक्यतो ‘इफडेफ’ लिहायचे नाही, सोय बंद असेल तेव्हा हेडरमध्ये त्याच नावाचे रिकामे फंक्शन ठेवायचे, म्हणजे कॉल करणाऱ्याचा कोड सरळ राहतो. फक्त ते रिकामे फंक्शन यशाचा आकडा परत करते की ‘ही सोय नाही’ असा एरर कोड, हे प्रत्येक ठिकाणी विचार करून ठरवावे लागते. माझ्या मते वापरणारा ज्याच्या उत्तरावर विसंबून पुढचे पाऊल टाकणार आहे, तिथे एरर कोडच यायला हवा.

पहिले प्रकरण यातल्या कोणत्याही पर्यायापासून सुरू होत नाही. ते लिंकरच्या मॅप फाइलपासून सुरू होते. कोणत्या ऑब्जेक्टने किती बाइट खाल्ले, त्यातला कोड किती आणि तक्ते किती, आणि जो भाग आपल्याला नको वाटतो तो कोणाच्या हाकेमुळे आत आला, हे त्या फाइलमधून ओळीओळीने वाचायचे. बऱ्याचदा असे निघते की मोठा भाग लायब्ररीचा नसून दशांश आकडे छापणाऱ्या एका प्रिंटएफचा आहे, आणि लायब्ररीतून काही काढायची गरजच नाही. ते वाचून झाल्यावर कॉन्फिगरेशन फाइल उघडायची. तिच्यात बंद केलेल्या प्रत्येक पर्यायाशेजारी कारण आणि निर्णय घेणाऱ्याचे नाव लिहायचे, आणि ती सोय मागितली तर काय उत्तर येते हे प्रत्यक्ष करून पाहून तेही नोंदवायचे.